सुरक्षेवरचा खर्च आणि त्याचा हिशेब

माहिती सुरक्षेवर संस्थांनी किती आणि कशावर खर्च करावा, आणि केलेला खर्च सत्कारणी लागला की नाही हे कसे ओळखावे, याविषयी वाचकांकडून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. बहुतेक प्रश्न सहकारी बँकांशी संबंधित असल्याने उत्तरांतही त्यांचाच उल्लेख अधिक आहे. प्रश्नकर्त्यांच्या विनंतीनुसार त्यांची व त्यांच्या संस्थांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी एका मध्यम आकाराच्या नागरी सहकारी बँकेचा संचालक आहे. आमच्या आयटी विभागाने पुढील वर्षी सायबर सुरक्षेसाठी 46 लाख रुपयांची मागणी केली आहे. आमच्या मंडळावरील एका सनदी लेखापालांनी ‘यातून बँकेला मिळणार काय?’ असे विचारले आणि त्यावर कोणालाच नीट उत्तर देता आले नाही. असा प्रस्ताव कोणत्या निकषांवर तपासावा? (सांगली जिल्हा)

उत्तर: लेखापाल संचालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारला गेला याबद्दल आपल्या मंडळाचे कौतुक केले पाहिजे. अडचण एवढीच आहे की सुरक्षेवरचा खर्च उत्पन्न आणत नाही, संभाव्य तोटा कमी करतो, आणि न झालेला तोटा ताळेबंदात कोठेच दिसत नाही. म्हणून आयटी विभागाला विचारायचे ते असे: हा खर्च केला नाही तर कोणती घटना घडू शकते, ती घडली तर बँकेचे किती नुकसान होईल, ती घडण्याची शक्यता किती आहे, आणि खर्च केल्यावर यांपैकी नेमके काय आणि किती घटेल?

यासाठीची रूढ पद्धत जुनी आहे. एका घटनेतील नुकसानाला ती घटना वर्षभरात घडण्याच्या शक्यतेने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे वार्षिक अपेक्षित नुकसान. अमेरिकेच्या मानक संस्थेने 1979 मध्येच सरकारी संगणक केंद्रांसाठी ही पद्धत सुचवली होती. समजा, खंडणीखोर सॉफ्टवेअरमुळे (संगणकांतील माहिती कुलूपबंद करून ती सोडवण्यासाठी पैसे मागणाऱ्या प्रोग्राममुळे) आपल्या शाखा पाच दिवस बंद पडल्या तर सर्व मिळून 1 कोटी 20 लाख रुपयांचे नुकसान होईल आणि तसे घडण्याची वार्षिक शक्यता 10 टक्के आहे, असे धरले. अपेक्षित नुकसान 12 लाख झाले. 4 लाख रुपयांच्या एखाद्या उपायाने ही शक्यता 4 टक्क्यांवर येत असेल, तर अपेक्षित नुकसान 4 लाख 80 हजारांवर येते, म्हणजे 7 लाख 20 हजार वाचतात आणि खर्च वजा जाता 3 लाख 20 हजार रुपयांचा लाभ होतो. आता याच हिशेबात मूळ शक्यता 10 ऐवजी 5 टक्के आणि उपायानंतरची 2 टक्के धरून पाहा. वाचलेली रक्कम 3 लाख 60 हजार होते आणि तोच उपाय 40 हजारांच्या तोट्यात जातो. उपाय तोच, बँक तीच, फक्त एका अंदाजात फरक पडला. म्हणून एकच आकडा घेऊन येणाऱ्या प्रस्तावावर विश्वास ठेवू नये. कमीत कमी, बहुधा आणि जास्तीत जास्त असे तीन अंदाज मागावेत, आणि ते कशावरून बांधले हेही लेखी घ्यावे.

आपल्या लेखापाल संचालकांना आणखी एक सूत्र आवडेल. मेरिलँड विद्यापीठातील लॉरेन्स गॉर्डन आणि मार्टिन लोएब या लेखाशास्त्राच्या दोन प्राध्यापकांनी 2002 मध्ये असे दाखवले की, त्यांनी गृहीत धरलेल्या परिस्थितींत, एखाद्या माहितीच्या रक्षणासाठीचा सर्वांत फायदेशीर खर्च हा तिच्या अपेक्षित नुकसानाच्या सुमारे 37 टक्क्यांपेक्षा अधिक नसतो. वरच्या उदाहरणात ही मर्यादा साधारण 4 लाख 44 हजार येते. या सूत्राचा दुसरा निष्कर्ष अधिक उपयोगी आहे: सर्वांत दुबळ्या जागेवर सर्वाधिक पैसा ओतणे दरवेळी फायद्याचे नसते, कारण काही जागा इतक्या कच्च्या असतात की त्या दुरुस्त करण्यापेक्षा बंद करणे किंवा बदलणे स्वस्त पडते. मात्र हे सूत्र विक्रेत्याच्या प्रस्तावावर लावायची फूटपट्टी नव्हे. खर्च वाढत जातो तसा त्यातून मिळणारा लाभ घटत जातो, एवढे त्यातून घ्यावे.

या सगळ्या पद्धतीत एक मोठी उणीव आहे, आणि ती समजण्यासाठी पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण आठवावे लागेल. 11 ऑगस्ट 2018 रोजी, दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकांच्या सुटीच्या दिवशी, काही तासांत 28 देशांतील एटीएममधून बनावट कार्डांद्वारे सुमारे 78 कोटी रुपये काढण्यात आले. देशांतर्गत एटीएममधूनही सुमारे अडीच कोटी गेले. सोमवारी 13 तारखेला स्विफ्ट प्रणालीतून, म्हणजे परदेशी बँकांना पैसे पाठवण्याचे संदेश देणाऱ्या यंत्रणेतून, आणखी 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळवले गेले. एकूण नुकसान 94 कोटींहून अधिक. हल्लेखोरांनी पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या खऱ्या स्विचपर्यंत (एटीएमवरील विनंती तपासून मंजूर करणाऱ्या संगणक यंत्रणेपर्यंत) पोहोचूच दिल्या नाहीत. त्यांनी उभा केलेला खोटा स्विच परस्पर ‘मंजूर’ असे उत्तर देत राहिला, त्यामुळे खात्यात शिल्लक आहे की नाही हे तपासण्याची वेळच आली नाही. पुढे एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने 11 जणांना दोषी ठरवले, पण त्यांतील बहुतेक एटीएमवर उभे राहून पैसे काढणारे हस्तक होते.

अशा घटनेची वार्षिक शक्यता एक हजारात एक धरली, तर 94 कोटींचे अपेक्षित नुकसान साडेनऊ लाखांच्या आसपास येते आणि कागदावर ते खंडणीखोर सॉफ्टवेअरपेक्षाही किरकोळ दिसते. 1906 साली स्थापन झालेली आणि मोठा पसारा असलेली कॉसमॉस हा फटका सोसून उभी राहिली. आपल्या बँकेचा स्वनिधी (भागभांडवल आणि राखीव निधी) यापेक्षा कमी असेल, तर सरासरीला काही अर्थ उरत नाही, कारण घटना एकदाच घडेल आणि पुढच्या वर्षाचा हिशेब मांडायला बँक उरणार नाही. म्हणून प्रस्तावातील प्रत्येक धोक्यापुढे अपेक्षित नुकसानाच्या जोडीला जास्तीत जास्त नुकसान आणि ते स्वनिधीच्या किती टक्के आहे, हे दोन आकडे मागावेत. जिथे हा टक्का मोठा, तिथे परताव्याचा हिशेब बाजूला ठेवून आधी नुकसानावर मर्यादा घालावी. एटीएमवरील एकूण दैनिक रकमेची कमाल मर्यादा, परदेशी व्यवहार मुळात बंद ठेवून ग्राहकाच्या मागणीवरच सुरू करणे, सुटीच्या दिवशी स्विफ्टचा मार्ग बंद ठेवणे, यांसारख्या उपायांना 46 लाख लागत नाहीत. काहींना तर फक्त एक ठराव आणि एक सेटिंग लागते. आमच्या मते सुरक्षेच्या गुंतवणुकीचे मूल्यमापन करताना सर्वांत दुर्लक्षिली जाणारी बाब हीच आहे: खरेदी नसलेले उपाय प्रस्तावात येतच नाहीत, कारण त्यांचे कोटेशन कोणी पाठवत नाही.

आता प्रत्यक्ष 46 लाखांकडे येऊ. यातील काही भाग हा निवडीचा विषय नसेल. रिझर्व्ह बँकेने 19 ऑक्टोबर 2018 रोजी नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट लागू केली आणि 31 डिसेंबर 2019 रोजी बँकांची चार स्तरांत विभागणी करून, डिजिटल सेवा जितक्या अधिक तितक्या अटी कडक, असे धोरण आणले. आपली बँक कोणत्या स्तरात बसते ते पाहून त्या स्तराला सक्तीचा असलेला खर्च आधी वेगळा काढावा. त्यावर परताव्याची चर्चा करू नये, फक्त दर वाजवी आहे का ते पाहावे. उरलेल्या रकमेची विभागणी वस्तूंनुसार न करता घटनांनुसार करून मागावी. ‘फायरवॉल 9 लाख, देखरेख सेवा 18 लाख’ या यादीतून मंडळाला काही कळत नाही. ‘एटीएम स्विचमध्ये घुसखोरी’, ‘कर्मचाऱ्याच्या ईमेलमधून प्रवेश’, ‘सर्व्हर कुलूपबंद होणे’ अशा शीर्षकांखाली तोच खर्च मांडला, की कोणत्या घटनेवर तिप्पट खर्च होतो आहे आणि कोणत्या घटनेसमोर रकाना कोरा आहे, हे लगेच दिसते.

देखरेख सेवेसाठी मोठी रक्कम असेल, तर विक्रेत्याला सभेत बोलावून एकच प्रश्न विचारावा: दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता इशारा आला, तर तो कोणाच्या पडद्यावर येईल, ती व्यक्ती आमच्याकडे कोणाला फोन करेल, आणि आमच्या माणसाला स्विच बंद करण्याचा अधिकार आहे का? तिसऱ्या भागाचे उत्तर विक्रेत्याकडे नसते, ते मंडळाला द्यावे लागते. रात्री अध्यक्षांचा फोन लागला नाही म्हणून निर्णय अडून राहणार असेल, तर देखरेखीवरचे पैसे इशारा पाहण्यापुरतेच खर्च झाले असे समजावे.

प्रश्न: मी एका बँकेत माहिती सुरक्षा अधिकारी आहे. दरमहा मंडळाला अहवाल देतो: इतके लाख हल्ले रोखले, 98 टक्के संगणकांवर अँटीव्हायरस अद्ययावत, बॅकअप 100 टक्के यशस्वी. सगळे रकाने हिरवे असतात आणि मंडळ समाधानी असते, पण मला स्वतःला खात्री वाटत नाही. कोणते आकडे द्यावेत? (नाशिक)

उत्तर: आपली शंका खरी आहे. रोखलेल्या हल्ल्यांचा आकडा आधी काढून टाका. इंटरनेटला जोडलेल्या कोणत्याही यंत्रावर दिवसरात्र चाचपणी चालू असते. तो आकडा वाढला म्हणून धोका वाढला असे नाही आणि घटला म्हणून सुरक्षा सुधारली असेही नाही. अँटीव्हायरसच्या 98 टक्क्यांऐवजी उरलेल्या 2 टक्क्यांची यादी द्या. त्यात एखाद्या शाखेतील पासबुक छपाईचा जुना संगणक असेल तर एक गोष्ट, आणि एटीएम स्विचला जोडलेला सर्व्हर असेल तर अगदी दुसरी.

साधन विकत घेणे आणि ते काम करत असणे यांतील अंतर किती घातक ठरते, हे अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या प्रकरणात दिसले. अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील त्रुटीवरचा पॅच, म्हणजे ती बुजवणारी दुरुस्ती, मार्च 2017 मध्ये उपलब्ध होता. तो एका प्रणालीवर लावायचा राहिला आणि मे महिन्यापासून हल्लेखोरांनी तेथून माहिती उचलायला सुरुवात केली. कंपनीकडे संगणक जाळ्यातील माहितीची ये-जा (वाहतूक) तपासणारे उपकरण होते, पण त्यावरील डिजिटल प्रमाणपत्राची मुदत कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती, त्यामुळे कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपातील, वाहतूक त्याला दिसतच नव्हती. जुलैच्या अखेरीस प्रमाणपत्राचे नूतनीकरण झाले आणि संशयास्पद वाहतूक तत्काळ लक्षात आली. तोवर सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची माहिती गेली होती. त्या कंपनीच्या मासिक अहवालात ‘तपासणी उपकरण: उपलब्ध’ या रकान्याचा रंग हिरवा दाखवता आला असता आणि तो खोटाही ठरला नसता.

म्हणून वेळ मोजणारे आकडे द्यावेत. गंभीर पॅच जाहीर झाल्यापासून तो शेवटच्या संबंधित यंत्रावर लागेपर्यंत किती दिवस गेले. सरासरी नव्हे, शेवटच्या यंत्राचा दिवस. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याचा प्रवेश किती तासांत बंद झाला. चाचणीसाठी मुद्दाम केलेली घुसखोरी आपल्या देखरेखीला किती वेळाने कळली, की अहवाल येईपर्यंत कळलीच नाही. फसव्या ईमेलच्या चाचणीत किती जणांनी क्लिक केले हे सगळेच मोजतात; पहिल्या कर्मचाऱ्याने ती ईमेल संशयास्पद म्हणून किती मिनिटांत कळवली, हे मोजा. एकाने वेळेत कळवले तर उरलेल्यांना वाचवता येते.

बॅकअपविषयी थोडे सविस्तर लिहितो. ‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश फाइल लिहिली गेली एवढेच सांगतो. वर्षातून दोनदा एका रविवारी वेगळ्या, जाळ्यापासून तोडलेल्या सर्व्हरवर आदल्या दिवसाचा बॅकअप खरोखर उतरवून पाहावा. घड्याळ लावावे. डेटाबेस सुरू झाला म्हणजे काम झाले असे नाही. जनरल लेजरमधील रोख शिल्लक, ठेवींची एकूण बाकी आणि कोणत्याही दोन शाखांचे दिवसअखेरचे आकडे आदल्या दिवशीच्या छापील पत्रकाशी ताळून पाहावेत, आणि ते काम आयटीच्या माणसाने न करता लेखा विभागाने करावे. परवान्याची किल्ली जुन्या सर्व्हरवरच राहिली, किंवा बॅकअपचा पासवर्ड ठेवलेला सर्व्हरच बंद आहे, अशा गोष्टी या दिवशीच कळतात. मंडळापुढे मग एकच ओळ ठेवता येते: बँक पुन्हा उभी करायला अमुक तास लागले आणि अमुक तासांचे व्यवहार हाताने भरावे लागतील.

जून 2017 मधील नॉटपेट्या या विघातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरातील कामकाज ठप्प झाले आणि आपल्याकडे जेएनपीटी बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलवरही कंटेनरची रांग लागली. कंपनीचे जवळजवळ सर्व डोमेन कंट्रोलर (जाळ्यात कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारे सर्व्हर) पुसले गेले होते. एकमेव शाबूत प्रत घानामध्ये सापडली, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती. भारनियमनाने केलेले असे उपकार विरळाच. बॅकअप होता का, असे विचारले असते तर हल्ल्याच्या आदल्या दिवशी उत्तर ‘होय’ असेच मिळाले असते, कारण प्रत्येक कंट्रोलर दुसऱ्याची प्रत होता. सगळे एकाच वेळी जातील हा विचार कोणी केला नव्हता.

प्रश्न: आमचा भोसरीत सुट्या भागांचा कारखाना आहे. एका जर्मन ग्राहकाने आयएसओ 27001 (माहिती सुरक्षेच्या व्यवस्थापनाचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणपत्र मागितले आहे. एक सल्लागार सहा आठवड्यांत ते मिळवून देतो म्हणतात. एवढा खर्च करणे योग्य ठरेल का?

उत्तर: ग्राहक टिकवण्यासाठी प्रमाणपत्र लागणार असेल, तर तो विक्रीसाठीचा खर्च आहे असे धरून त्या ऑर्डरच्या नफ्याशी त्याची तुलना करा; हिशेब सोपा आहे. त्यातून सुरक्षा किती सुधारेल हा प्रश्न निराळा, आणि त्याचे उत्तर व्याप्तीवर अवलंबून आहे. प्रमाणपत्रावर कोणता विभाग आणि कोणते ठिकाण लिहिले आहे ते पाहा. फक्त मुख्य कार्यालयाचा आयटी कक्ष व्याप्तीत घेऊन प्रमाणपत्र मिळवता येते आणि ग्राहकाची आरेखने मात्र डिझाइन विभागातील संगणकांवर आणि कामगारांच्या व्हॉट्सॲपवर फिरत राहतात. जाणकार ग्राहक हे विचारतोच.

या मानकाच्या 2022 च्या आवृत्तीत 93 नियंत्रणे आहेत, पण ती सर्वांनी सरसकट लावावीत अशी अपेक्षा नाही. आपल्या धोक्यांचा अभ्यास करून कोणती लागू केली, कोणती वगळली आणि का, याचे एक निवेदन तयार करावे लागते. सल्लागारांनी आधी केलेल्या एखाद्या कामातील हे निवेदन, नाव झाकून, पाहायला मागा. त्यात कारखान्याला ‘सॉफ्टवेअर विकास संस्था’ म्हटलेले आढळले तर सहा आठवड्यांचे रहस्य उलगडेल. याशिवाय अंतर्गत लेखापरीक्षण आणि व्यवस्थापनाचा आढावा प्रत्यक्ष झाल्याचा पुरावा प्रमाणन संस्थेला दाखवावा लागतो. तो प्रामाणिकपणे तयार व्हायला काही महिने लागतात. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असले तरी दरवर्षी तपासणी होते, तिचा आणि आपल्या एका कर्मचाऱ्याच्या वेळेचा खर्च आताच धरून ठेवा.

प्रश्न: आमच्या बँकेची सर्व प्रणाली बाहेरच्या सेवा कंपनीकडे आहे. मग सुरक्षेवर वेगळा खर्च आम्ही कशासाठी करायचा? (सोलापूर)

उत्तर: 31 जुलै 2024 रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा कंपनीच्या प्रणालीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाल्याचे समोर आल्यावर राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने खबरदारी म्हणून तिला किरकोळ पेमेंट यंत्रणेपासून तोडले, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या सुमारे 300 लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. त्या बँकांच्या काउंटरवर ग्राहकांनी जाब विचारला तो बँकेला. सेवा कंपनीचे नावही बहुतेकांनी ऐकले नसेल.

काम बाहेर देता येते, जबाबदारी देता येत नाही. कायद्याचीही हीच भूमिका आहे: 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे आणि माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेतली तरी ती ज्याच्यासाठी हाताळली गेली त्याचे उत्तरदायित्व कायम राहते. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायची असते. आपल्या करारात ‘सेवा कंपनी घटनेची माहिती 72 तासांत देईल’ असे असेल, तर आपण पहिल्याच दिवशी अडचणीत आहात. त्यामुळे आपला खर्च उपकरणांवर कमी आणि करारावर अधिक असावा: कंपनीकडे स्वतंत्र लेखापरीक्षक पाठवण्याचा हक्क, घटना तासाभरात कळवण्याची अट, आपल्या डेटाची आपल्या ताब्यातील ताजी प्रत, आणि कंपनी बदलायची झाल्यास ती प्रत दुसरीकडे उतरवता येईल अशा स्वरूपात असणे. एकट्या लहान बँकेला मोठी कंपनी दाद देत नाही हेही खरे आहे. जिल्ह्यातील पाच-सहा बँकांनी मिळून एकच लेखापरीक्षक नेमला आणि एकत्रित अटी मांडल्या, तर खर्च वाटला जातो आणि कंपनीलाही ऐकावे लागते; सहकारात याला नवे काही म्हणता येणार नाही.

प्रश्न: एकूण आयटी खर्चाच्या किती टक्के सुरक्षेवर असावेत? (ठाणे)

उत्तर: टक्केवारीने ठरवू नये. दोन संस्थांचा आयटी खर्च सारखा असूनही एकीकडे फक्त पगारपत्रके असू शकतात आणि दुसरीकडे लाखो रुग्णांच्या नोंदी. शिवाय जुन्या प्रणाली बदलण्याचा खर्च आयटीत धरायचा की सुरक्षेत, यावर ती टक्केवारी हवी तशी वळवता येते.

प्रश्न: सायबर विमा घेतला तर बाकीचा खर्च कमी करता येईल का? आमचे विमा प्रतिनिधी तसे सुचवतात. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: मोठ्या पण क्वचित घडणाऱ्या नुकसानासाठी विमा हा योग्य उपाय आहे, आणि पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात ज्या धोक्यांपुढे सरासरी निरुपयोगी ठरते असे म्हटले, त्यांच्यासाठी त्याचा विचार अवश्य करावा. पण बाकीचा खर्च त्यामुळे टळत नाही. प्रस्ताव अर्जातच बहुधा विचारलेले असते की दूरस्थ प्रवेशाला दुहेरी पडताळणी आहे का, बॅकअप जाळ्यापासून वेगळा ठेवता का, पॅच किती दिवसांत लावता. तेथे दिलेले उत्तर चुकीचे निघाले तर दावा नाकारण्यास कंपनीला आधार मिळतो. पॉलिसीत आपण स्वतः सोसायची रक्कम किती, सेवा कंपनीवरील हल्ल्यामुळे झालेले नुकसान त्यात येते का, आणि कर्मचाऱ्याला फसवून त्याच्याच हातून पाठवलेले पैसे ‘हल्ला’ या व्याख्येत बसतात का, हे तीन मुद्दे सही करण्यापूर्वी लेखी स्पष्ट करून घ्यावेत. आणि तो अर्ज प्रतिनिधीला भरू देऊ नये. आपल्या आयटी अधिकाऱ्याने भरावा, प्रत्येक ‘होय’पुढे त्याचा पुरावा कोठे ठेवला आहे ते लिहावे, आणि त्याची प्रत मंडळाच्या इतिवृत्ताला जोडावी.